निवडलेले तांदूळ

गेट करकरलं आणि खिडकीत बसलेली आई दचकून उठली. उठली म्हणजे धड उठलीही नाही; खुर्चीतून अर्धवट वर झाली, शेजारच्या स्टुलावरची परात दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतली, पुन्हा बसली, मान खाली घातली आणि तिची बोटं तांदळातून फिरायला लागली. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. गिरीशचा हात गेटच्या कडीवरच राहिला. एकोणसत्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले, सकाळी जिना उतरताना कठडा सोडत नाही, ती इतकी चपळ हलू शकते हे त्याला माहीत नव्हतं. आणि हलली ती कुणाला बघून? पोस्टमनला नाही, चोराचिलटाला नाही. पोटच्या मुलाला बघून.

त्याआधी पाचेक मिनिटं तो शेजारच्यांच्या कुंपणाआड उभा होता, हेही सांगून टाकायला हवं. मुद्दाम नव्हे. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला, सगळ्यांना खाली काढलं, तासभर ट्रामच्या स्टॉपपाशी ताटकळत ठेवलं आणि मग ‘घरून काम करा’ म्हणून पिटाळलं. मेट्रोपॉलिटन लाइनमध्ये दुपारी बसायला जागा मिळते हे त्याला सहा वर्षांत प्रथमच कळलं. पिनरला उतरला, रमतगमत आपल्या रस्त्याला लागला, आणि घर दोन घरांवर असताना त्याला खिडकीत आई दिसली. मांडीवर हात, तळवे वर, एकात एक. तोंड किंचित उघडं. पदर खांद्यावरून ढळलेला आणि तिला त्याचं भान नाही. नजर रस्त्याकडे, पण रस्त्यावर बघण्यासारखं काय होतं? समोरच्यांची कचऱ्याची हिरवी बिन, एक उभी गाडी, झाडाखाली पडलेली पानं. ‘गेली,’ हाच पहिला विचार त्याच्या मनात आला. बाबा असेच गेले होते, गॅलरीत, खुर्चीत, तळवे वर. मग तिने मान जराशी कलती केली, आणि ओठांवर काहीतरी उमटून गेलं, हसू म्हणण्याइतकंही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याबरोबर राग आला. ही अशी काय बसलीये? भर दुपारी, जगाला दिसेल अशी, नुसती? मी एवढं सगळं करून ठेवलंय हिच्यासाठी, आणि ही नुसती बसलीये! त्याच रागात त्याने गेट ढकललं.

आणि ती दचकली. ते दचकणं त्याच्या ओळखीचं होतं, हीच तर पंचाईत. ऑफिसात त्याची जागा खिडकीपाशी आहे. स्क्रीनवर एक मोठं एक्सेलचं कोष्टक तो सदासर्वकाळ उघडं ठेवतो. त्याला त्या कोष्टकाचं काही काम नसतं. दुपारी तीनच्या सुमाराला डोकं चालेनासं होतं, तेव्हा तो खालच्या ट्राम बघत बसतो, एक येते, एक जाते. मागे कुणाचे बूट वाजले की दोन बोटांनी खटकन ते कोष्टक समोर आणायचं आणि कपाळाला आठी घालायची. बेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली अकरा जण. बूट निघून गेले की कानशिलं तापलेली असतात. ती आठी आत्ता आईच्या कपाळावर होती. तांदळात बघून घालायची आठी.

‘‘आलास? लवकर सुटलास आज?’’ दार उघडताच आईने आतूनच विचारलं, आणि तो बूट काढतोय तोवर तिने सुरुवात केली. ‘‘सकाळी दोन मशीन लावली. एक वाळत घातलं, दुसरं त्या ड्रायरला टाकलंय. शाल्मलीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवली. ते तुझं सुडोकू केलं, एक पूर्ण केलं आणि दुसरं निम्मं झालंय. वीस मिनिटं चालून आले, त्या पोस्टाच्या पेटीपर्यंत. आता म्हटलं तांदूळ तरी निवडून ठेवावेत.’’

त्याने काही विचारलं नव्हतं.

विचारलं नव्हतं, पण विचारणार होता. रोज विचारतो. मे महिन्यात ती आली तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की, ‘‘मग? आज काय केलंस?’’ आणि त्याआधी वर्षानुवर्षं दर रविवारी फोनवर तेच. हा प्रश्न त्याला मायेचा वाटायचा. वेगळं काय विचारतात माणसं? आज मात्र उत्तर आधी आलं, प्रश्न मागे तोंडातच राहिला, आणि मोजा अर्धवट काढलेला पाय तसाच हातात धरून तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला.

सकाळी निघताना बायकोने, आसावरीने, त्याला गाठलं होतं. कौन्सिलच्या ऑफिसला जायची तिची घाई, केसात पिन खुपसत खुपसत म्हणाली, ‘‘गिरीश, ऐक. आई विचारत होत्या, तिकीट अलीकडचं करता येईल का. दिवाळीच्या आधी जायचं म्हणतात. तुला एवढ्यात सांगू नको म्हणाल्या, पण मी कसं लपवू?’’ तो उखडलाच. नोव्हेंबरच्या मध्याचं तिकीट, इथली दिवाळी करून जायचं ठरलेलं, शाल्मलीने आजीबरोबर किल्ला करायचा म्हणून बागेतला कोपरा साफ करून ठेवलेला. कमी काय पडलं होतं? ट्रेनमध्ये उभ्या उभ्या तो स्वतःशी वाद घालत राहिला. इतरांच्या आया येतात त्या बाळंतपणाला येतात आणि सहा महिने ओट्यापाशी उभ्या राहून परत जातात, व्हिसा संपला की कंबर धरून. मी आईला स्वयंपाक करू दिला नाही. डॉक्टर मैत्रिणीकडून वाचायला लेख आणले, म्हातारपणी मेंदू कामात ठेवला नाही तर गंजतो म्हणून. फ्रिजवर तक्ता लावला. सोमवारी सुडोकू आणि चालणं, मंगळवारी हॅरोच्या हॉलमध्ये ज्येष्ठांची योगासनं, बुधवारी जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहिणं, गुरुवारी शाल्मलीला बाराखडी, शुक्रवारी कंप्यूटरवर मराठी टाइप करणं. प्रत्येक वाराखाली चौकोन. आई त्यात बॉलपेनने बरोबरच्या खुणा करायची, शाळेतल्यासारख्या, आणि रविवारी तो त्या बघून ‘‘वा!’’ म्हणायचा. सत्तरीला आलेल्या आईला वा म्हणायचा, शाबासकी द्यायचा! पायरीवर बसल्या बसल्या त्याला तो स्वतःचा ‘वा’ ऐकू आला आणि अंगावर काटा आला.

‘‘जेवला नसशील. आमटीभात आहे. गरम करते,’’ म्हणत आई स्वयंपाकघरात गेली. तो खिडकीपाशी आला. तिच्या खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही, तो उभाच राहिला. परात स्टुलावर होती. त्याने सहज मूठभर तांदूळ उचलले आणि हातात घेताच त्याला काहीतरी वेगळं लागलं. हे पिशवीतले तांदूळ नव्हतेच. म्हणजे होते, पण कधीकाळचे. टोकं झिजून गोल झालेली, निम्म्यांची कणी झालेली, रंग पिवळट, हाताच्या घामाने पिवळट. आणि मधोमध एक खडा, काळा, तुरीच्या डाळीएवढा. तो उचलून टाकायला गेला, तेवढ्यात आई दारातून म्हणाली, ‘‘अरे अरे, तो नको टाकूस. तो हवाय.’’

म्हणाली आणि जीभ चावली. गिरीशच्या चिमटीत तो खडा. तो त्याने ओळखला. जून महिन्यात आईने त्याला दाखवला होता, ‘‘बघ, म्हणून म्हणते निवडायला हवेत,’’ आणि तो गाडी काढून तडक वील्डस्टोनच्या दुकानात गेला होता. दुकानदार मेहताकाका, बिचारे पंचवीस वर्षं दुकान चालवतायत, चार गिऱ्हाइकांदेखत त्याने त्यांना सुनावलं होतं, ‘माझी म्हातारी आई डोळे फोडून खडे वेचते, लाज नाही वाटत तुम्हाला?’ काका गोरेमोरे झाले. गुजराती वळणाच्या हिंदीत शपथा घेत राहिले, मशीनने साफ केलेला माल आहे साहेब, असं कधी होत नाही, आणि शेवटी एक नवी पिशवी त्याच्या डिकीत स्वतः उचलून ठेवली. अजूनही तो दुकानात गेला की ते गल्ल्यामागून उठून उभे राहतात आणि म्हणतात, ‘‘मांजी के चावल ठीक है ना?’’

‘‘हा कुठला खडा, आई?’’

‘‘कुंडीतला,’’ आई म्हणाली. ‘‘दाराबाहेरच्या. नुसते तांदूळ चिवडत बसलं तर कुणालाही कळेल ना. इथल्या तांदळात काय असतं निवडायला? एक तरी खडा नको?’’ आणि मग तिलाच हसू फुटलं, पदर तोंडाला लावून हसली. ‘‘चार महिने झाले, तोच काढते आणि तोच परत टाकते. तुझ्या लेकीला माहितेय. ती म्हणते, आजी, गेट वाजला, राइस घे.’’

हसावं की काय करावं हे गिरीशला कळेना. शाल्मलीला माहितेय! शाल्मली, नऊ वर्षांची. तो संध्याकाळी घरात शिरतो तेव्हा ती नेहमी गणिताच्या वर्कशीटवर ओणवी असते, आणि पेन्सिलीचं टोक नेहमी कसं नवंकोरं असतं याचं त्याला कौतुक वाटायचं. आता ते टोक त्याच्या डोळ्यांपुढे आलं. न वापरलेलं. म्हणजे गेटच्या करकरण्याबरोबर या घरात दोन बायका कामाला लागत होत्या, एक नऊ वर्षांची आणि एक एकोणसत्तरची, आणि गेटला तेल घाल म्हणून आसावरी दोनदा मागे लागली तेव्हा दोघी एकदमच ‘‘नको नको, राहू दे’’ म्हणाल्या होत्या. त्यावेळी त्याला गंमत वाटली होती.

जेवताना आई समोर बसली. सवयीने तिने फरसबी ओढली, शिरा काढायला घेतली. ‘‘ठेव ते,’’ तो म्हणाला. ती थांबली, पण हातांचं काय करावं तिला कळेना. ते टेबलावर ठेवले, खाली घेतले, पुन्हा ठेवले.

‘‘आई, दिवाळीच्या आधी जायचं म्हणालीस?’’

‘‘सांगितलंच वाटतं आसावरीने. सहज म्हटलं होतं रे.’’

‘‘कंटाळलीस का? घर खायला उठतं का दिवसभर?’’

‘‘कंटाळा?’’ आई म्हणाली. ‘‘कंटाळा यायला सवड लागते. मी दमले, गिरीश. रागावू नकोस, पण खरंच दमले. घासून-पुसून दमणं वेगळं, ते अंगाला ठाऊक आहे. हे वेगळं. सकाळी उठलं की आज तुला काय सांगायचं हे आधी डोक्यात येतं. मग त्याप्रमाणे दिवस करायचा. पुण्याला दार लावलं की मी माझी. बसले तर बसले.’’

‘‘मी काळजीने विचारतो गं.’’

‘‘माहितेय ना. म्हणून तर. खाष्टपणाने कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, काही केलं नाही जा! सासूबाईंना नाही सांगता आलं कधी, त्यांची पावलं वाजली की मी केरसुणी उचलायचे, पण तेव्हा विशीत होते. आता कुणाची भीती? पण काळजीने विचारणाऱ्याला काय सांगायचं? तुझं तोंड उतरतं. तुला वाटतं हिचंही बाबांसारखं व्हायला लागलं.’’

बाबांचं नाव निघालं तसा त्याने हातातला घास ताटात ठेवला. बाबा, पद्माकर नाव त्यांचं, खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं शिफ्ट केली. रात्रपाळी करून आले की तासभर झोपून शिकवण्यांना बसायचे. गिरीशला ते नेहमी उभेच आठवतात, एका पायात चप्पल चढवत. रिटायर झाले आणि गॅलरीत घडीची खुर्ची टाकून बसायला लागले. समोर काय, तर सोसायटीची पाण्याची टाकी. दोन हजार तीनच्या जानेवारीत गिरीश दहा दिवसांसाठी गेला होता. पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी शेजारचे देशपांडे चहाला आलेले असताना त्याच्याने राहवेना. ‘‘बाबा, काहीतरी करा हो. असं टाकीकडे बघत बसून काय होणार? माणूस कामातून जातो अशाने.’’ बाबा ओशाळं हसले. ‘‘बरोबर आहे तुझं,’’ म्हणाले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. उभे राहिले खरे, पण जायचं कुठे हे त्यांना ठरवता येईना. हात लेंग्यावर पुसत म्हणाले, ‘‘काय करू, सांग.’’ देशपांडे कपात बघत होते. गिरीशने मग झपाट्याने सगळं केलं, बूट आणून दिले, अप्पा बळवंत चौकातल्या एका कंप्यूटर क्लासला नाव घातलं, वही घेऊन दिली. डिसेंबरात बाबा गेले. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता की बाबा अडुसष्टाव्या वर्षी कंप्यूटर शिकत होते, शेवटपर्यंत शिकत होते. ती वही त्याने लंडनला आणली. तीन पानं लिहिलेली आहेत. बाकीची कोरी आहेत ती क्लासात सगळं मशीनवरच करायचं असतं म्हणून, असं त्याने धरलं होतं.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘बाबा क्लासला जायचे ना?’’

आईने फरसबी बाजूला सारली आणि म्हणाली, ‘‘तीन दिवस गेले. मग कमला नेहरू पार्कात जाऊन बसायचे. वही पिशवीत घेऊन. दोन तास बसायचे आणि यायचे. मला पहिल्या दिवशीच कळलं, पिशवीत चाफ्याचं फूल होतं. काही बोलले नाही मी. इतके खूश असायचे रे! घरात येऊन गुणगुणायचे. छत्तीस वर्षं त्या माणसाला भोंग्याने उठवलं आणि भोंग्याने बसवलं. पहिल्यांदाच मनाने बसत होते.’’ ती थांबली. ‘‘आणि रविवारी तुझा फोन वाजला की आधी पेपर हातात घ्यायचे. मी म्हणायचे, अहो, फोनवर त्याला दिसत नाही! म्हणायचे, असू दे गं, हातात असला की सांगताना अडखळायला होत नाही. ते तांदळाचं मी त्यांच्याकडूनच उचललं म्हण ना.’’

लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं? गिरीशला आजवर वाटायचं की माणूस लाल होतो, खाली बघतो. त्याला तसं काही झालं नाही. तो ताटाकडे बघत राहिला आणि आमटीचा वास एकाएकी फार जवळचा झाला, आणि आपण या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात इतकी वर्षं पाहुण्यासारखे नव्हे, मुकादमासारखे जात होतो, हे त्याला अगदी शब्दांत कळलं. बाबांनी त्याच्याशी बोलताना दर रविवारी पेपर धरला. त्याच्याशी खोटं बोलायला त्यांना आधार लागायचा. आणि तो इकडे फोन ठेवून आसावरीला म्हणायचा, बाबा आता मस्त ॲक्टिव्ह आहेत. त्यांना बसून राहायचं होतं, एवढंच. एवढं साधं, फुकटचं, कुणाचं काही न घेणारं सुख. तेही त्यांना बागेत जाऊन चोरून घ्यावं लागलं. रिटायर झाल्यावरच्या त्या बसण्याने बाबा गेले, असं तीन वर्षं तो धरून चालला होता. त्यांची तीच काय ती कमाई होती, हे आज कळत होतं, आणि आता सांगायला बाबा कुठे आहेत? माफ करा म्हणायला कुठे जायचं?

‘‘तू काय बघतेस गं खिडकीतून?’’ त्याने विचारलं.

‘‘काही नाही.’’

‘‘तरी?’’

‘‘अरे, खरंच काही नाही. तुम्हाला वाटतं, बसलं की माणूस रिकामा होतो. उलट आहे. पहिले आठ-दहा दिवस बसले की डोक्यात नुसता कालवा, हे राहिलं, ते राहिलं, गॅस बंद केला का. मग पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं ना, तसं हळूहळू सगळं खाली बसतं. आणि मग...’’ ती सांगावं की नाही अशी घुटमळली. ‘‘माझी आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवतच नव्हता. फोटोतला आठवायचा, तो डोळे वटारलेला. खरा नाही. पन्नास वर्षं नाही. धावपळीत कुठे आठवणार? आणि दोन महिन्यांपूर्वी इथे खिडकीत बसले होते, दुपारची, आणि आली. म्हणजे भूतबित नव्हे हं. चेहरा आला. चुलीपुढे बसायची, धुराने डोळे बारीक केलेले, नाकाच्या शेंड्यावर घाम. मला वाटलं, अगंबाई, ही तर इथेच होती! तेव्हापासून रोज बसते. कधी येते, कधी नाही. जबरदस्तीने नाही येत. स्वस्थ बसावं लागतं.’’

‘‘आज आली होती?’’

आई फरसबीकडे बघत म्हणाली, ‘‘आज नाही.’’

पण त्याने बघितलं होतं. कुंपणाआडून, मान कलती झालेली, ओठांवर ते उमटून गेलेलं. आली होती. आणि त्याने गेट ढकललं होतं. आताही ती त्याचं तोंड उतरू नये म्हणून खोटं बोलत होती. काय करावं या बाईचं! त्याला वाटलं, तिच्या पायांवर डोकं ठेवावं, पण ते नाटकी झालं असतं, आणि नाटक आता या घरात फार झालं होतं. त्याने उठून ताट विसळलं. फ्रिजवरचा तक्ता काढला. टेप चिवट होती, एका कोपऱ्याचा रंग खरवडून निघाला. तो घडी करून त्याने रद्दीत टाकला. आई बघत होती.

‘‘तिकिटाचं उद्या बघतो,’’ तो म्हणाला. ‘‘तुला जायचं असेल तर बदलून देतो. शाल्मलीला मी सांगेन. आग्रह नाही करत.’’

‘‘बघू रे. आधी तू जरा बस.’’

त्याने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीत आणली. दोघं शेजारी शेजारी बसली, मध्ये स्टूल, स्टुलावर परात. आई दोन मिनिटांत शांत झाली; तळवे वर, एकात एक. त्याला काही जमेना. समोर हिरवी बिन. बिनवरचा नंबर त्याने वाचला. पुन्हा वाचला. जिन्याच्या पायरीवर राहिलेला ऑफिसचा ब्लॅकबेरी फोन थरथरत होता, लाकडावर, घुर्र घुर्र. पाइपचं काय झालं असेल? सहा वाजता कॉल आहे. गेटला तेल घालायचं. मेहताकाकांकडे जायला हवं, आणि काय सांगायचं त्यांना, खडा माझ्याच कुंडीतला होता? सांगायला हवं, उभं राहून, चार गिऱ्हाइकांदेखत. पायाला मुंग्या आल्या. खुर्चीत असं बसायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही, त्याला वाटलं, आणि ज्याच्याकडून शिकता आलं असतं त्याला आपण उठवलं. बाबांचा चेहरा आठवावा म्हणून त्याने डोळे बारीक केले. फोटोतला आला, टाय लावलेला. तो गेला आणि हातात उलगडलेला पेपर आला, नुसता पेपर, मागे माणूस नाही. त्याने आईकडे चोरून बघितलं. ती तिथे नव्हतीच. कुठेतरी चुलीपुढे होती.

किती वेळ गेला कोण जाणे. उन्हाचा तिरका पट्टा गालिच्यावरून भिंतीवर चढला होता. ब्लॅकबेरी केव्हा थांबला ते त्याला कळलं नव्हतं. समोरच्या झाडाचं एक पान सुटलं, आणि ते खाली पोहोचेपर्यंत त्याने दुसरं काहीही केलं नाही. केलं नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं. श्वास पोटापर्यंत जात होता. आणि मग त्याला गॅलरीच्या फरशीवर टेकलेला एक पाय दिसला, मोठा, टाचेला भेगा, अंगठा कसल्याशा तालावर हलतोय. चप्पल नव्हती त्या पायात. तो पाय त्याने कधी बघितला होता? वर बघायला हवं होतं, जरासंच वर, गुडघा, मग लेंगा, मग...

गेट करकरलं.

आसावरी होती, हातात पिशव्या, मागे दप्तर फरपटवत शाल्मली. खिडकीत पपा बसलेला बघून शाल्मली वाटेतच थबकली. आई हलली नाही. तळवे तसेच, मान तशीच. एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदाच असेल, दार वाजलं आणि ती बसून राहिली. गिरीशने तिच्याकडे बघितलं, तर ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानेही बघितलं. त्याचा उजवा हात परातीत होता. बोटं भराभर तांदूळ चाळत होती, खडा शोधत होती, आणि कपाळाला आठी पडलेली त्याला आतून जाणवत होती.

आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘निवडलेलेच आहेत.’’